मॅग्नेट काढलेली गाडी

स्लॉट कार हा प्रकार आपल्याकडे फार जणांना माहीत नाही, म्हणून आधी तो सांगते. हाताच्या तळव्यावर मावेल एवढी गाडी, खऱ्या गाडीच्या 1/32 मापाची. ट्रॅकमध्ये एक खाच असते आणि गाडीच्या नाकाखालचा पात्यासारखा गाइड तिच्यात बसतो. खाचेच्या दोन्ही बाजूंना धातूच्या पट्ट्या, त्यांतून मोटरला वीज मिळते. हातातला ट्रिगर जितका दाबाल तितका वेग. स्टिअरिंग नाहीच. वळणावर वेग जास्त झाला की गाडी खाचेतून उडून बाहेर. ब्रिटनमध्ये 1957 साली फ्रेड फ्रान्सिस यांनी स्केलेक्सट्रिक नावाने हा खेळ आणला. तिथे आजही तो मुलांपेक्षा पन्नाशी-साठीतले पुरुषच जास्त मन लावून खेळतात, क्लब करून.

गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी बर्मिंगहॅमला आपाकडे होते. भाचा तेरा वर्षांचा. दुल्हाभाईंचं गोदामातलं काम निम्म्यावर आलेलं, घरात खर्चाचं बोलणं निघालं की हा आपल्या खोलीत जाऊन बसायचा. दर आठवड्याला एका चर्चच्या हॉलमध्ये क्लब भरे. तिथे तो नियमाने जाई आणि नियमाने शेवटचा येई. ‘आता नाही जाणार,’ असं त्याने आपाला सांगूनही टाकलं होतं. त्याच्याकडे ईदीचे साठ पौंड होते. एवढ्यात एक गाडी येते. ती चुकली तर दुसरी नाही, हे त्या घरात सगळ्यांना कळत होतं, म्हणून कुणी बोलत नव्हतं.

तो शेवटचा का येतो, याचं उत्तर त्याच्या गाडीच्या पोटात होतं. दुकानातल्या बहुतेक गाड्यांच्या तळाशी मॅग्नेट असतो. घरच्या प्लॅस्टिकच्या ट्रॅकमधल्या पट्ट्या पोलादाच्या, त्यामुळे मॅग्नेट गाडीला खाली ओढून धरतो आणि वळणावर ट्रिगर सोडावाच लागत नाही. क्लबचा ट्रॅक मात्र लाकडी, पट्ट्या तांब्याच्या. तांब्याला मॅग्नेट चिकटत नाही. घरी वाऱ्यासारखी पळणारी गाडी तिथे पहिल्याच वळणावर भिंतीला. पोराला वाटत होतं, आपला हातच वाईट आहे.

त्याला हवी होती मिनी. दिसायला गोड, पण उंच, अरुंद आणि आखूड. मॅग्नेटशिवाय ती कलंडणारच. क्लबमधल्या एका वयस्क काकांनी त्याला फोर्ड जीटी40 हातात घ्यायला दिली. नावातला 40 म्हणजे खऱ्या गाडीची इंचांतली उंची. या मापात ती सव्वा इंच भरते. बुटकी, रुंद, पोट जमिनीला टेकलेलं. 1966 साली ल मान्सच्या शर्यतीत पहिले तिन्ही नंबर याच गाड्यांचे होते, हे ऐकल्यावर त्याचं मन वळलं. (मला विचाराल तर रुंदी ऐकून वळायला हवं होतं.)

क्लबचा एक नियम मला फार आवडला. त्या गटात मोटर डब्यातून आली तशीच ठेवायची, बदलायचं ते फक्त टायर, गाइड आणि वजन. आमच्या शाळेच्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धेत पोशाख भाड्याने आणणारं मूल दरवर्षी जिंकतं. तिथे असा नियम कुणी करत नाही.

मग चार संध्याकाळी आम्ही आपाच्या जेवणाच्या टेबलावर बसलो. मला मोटरमधलं काही कळत नाही, पण मी वीस वर्षं शिलाई मशीन वापरते, तेल एकच थेंब घालायचं असतं एवढं माहीत होतं. मॅग्नेट काढला. मागचे टायर रिमला चिकटवले, सँडपेपर टेबलावर पसरला आणि अगदी कमी विजेवर चाकं त्यावर फिरवत ठेवली. नवे टायर गोल दिसतात, पण गोल नसतात. मी टायरवर पांढरा खडू ओढला. घासल्यावर जिथे खडू उरला तो भाग अजून खोल. पुन्हा खडू, पुन्हा घासणं. पहिल्या संध्याकाळी तो कंटाळला. दुसऱ्या संध्याकाळी खडू त्याने स्वतःच घेतला.

नंतर गाडी आरशावर ठेवून पाहिली. पुढची चाकं आरशाला जेमतेम टेकली पाहिजेत. गाडीचा भार त्यांच्यावर आला तर गाइड खाचेतून वर उचलला जातो. शिवाय पुढच्या टायरांना पकड नकोच असते, म्हणून काकांनी त्यांवर बिनरंगी नेलपॉलिश लावायला सांगितलं होतं. आता वजूमुळे आपाच्या घरात नेलपॉलिशची बाटली कुठून असणार? शेजारच्या बाईंकडून मागून आणली. त्यांनी हसत विचारलं, कुणाचं लग्न आहे?

बॉडीचे स्क्रू पक्के पिळायचे नाहीत, हे मला शेवटपर्यंत पटेना. अर्धा फेरा सैल ठेवायचे, म्हणजे बॉडी किंचित खुळखुळते, हादरे सोसते आणि चाकं ट्रॅक सोडत नाहीत. गाइडच्या मागे पाचेक ग्रॅम शिशाची पट्टी लावली आणि दोघांनी साबणाने हात धुतले.

शर्यतीत प्रत्येकाला चारही खाचांमध्ये एकेकदा चालवावं लागतं, म्हणजे सोपी खाच कुणा एकाच्या वाट्याला येत नाही. स्वतःची फेरी नसेल तेव्हा वळणावर उभं राहून इतरांच्या उडालेल्या गाड्या उचलून पुन्हा खाचेत ठेवायच्या. भाच्याची गाडी सरळ रस्त्यावर कुणापेक्षा वेगवान नव्हती. वळणात ती नुसती बसून राहायची. सगळ्यांत बाहेरच्या खाचेत ती एकदाही उडाली नाही. नऊ जणांत तो पाचवा आला.

त्याच्या मागे राहिलेल्या एका गृहस्थांनी येऊन गाडी बघायला मागितली. त्याने ती उलटी केली आणि बोलायला लागला. टायर, आरसा, सैल स्क्रू, खडूसुद्धा. त्याचं ते भराभर इंग्रजी मला निम्मंही कळलं नाही. त्या दिवसांत तिथे मगरिब सव्वानऊच्या सुमारास होते. मी घड्याळाकडे बघत होते, आणि त्याचं बोलणं अजून संपलं नव्हतं.