ऋतूंनी सजवलेले वाढदिवस

नरोलीत आता कुठल्याही वाढदिवसाला गेलं, की दारातूनच कळतं आज कोणती थीम आहे ते. कुणाकडे डायनासोर, कुणाकडे युनिकॉर्न, कुणाकडे छोटा भीम. फुग्यांची कमान, मागे छापील पडदा, त्याच चित्राचा केक आणि त्याच चित्राच्या टोप्या. मुलांचे डोळे लकाकतात. तो आनंद खरा असतो आणि तो पाहायला मला आवडतं. आमच्या लहानपणीच्या वाढदिवसांनाही अशीच प्रत्येकाची वेगळी सजावट, वेगळा खाऊ, वेगळे खेळ असायचे. फरक इतकाच, की ते दुकानातून निवडलेले नसत. ज्या महिन्यात मूल जन्मलं, तो महिनाच सगळं ठरवायचा.

1980 च्या दशकात करसवलतींमुळे दादरा आणि नगर हवेलीत कारखाने येऊ लागले. त्यांच्यामागून आमच्यासारखी महाराष्ट्रातली घरंही इकडे आली. दमणगंगेच्या पुलापलीकडे सिल्वासा, दुसऱ्या अंगाला भिलाडचं रेल्वे स्टेशन आणि मधे नरोली. त्या वेळी हे शेताभातांचं गाव होतं. 2011 च्या जनगणनेत ते शहरी वस्ती म्हणून मोजलं गेलं. आमच्या चाळीत एका भिंतीपलीकडे गुजराती कुटुंब, दुसरीकडे उत्तर प्रदेशातलं, मागच्या पाड्यावर वारली आणि धोडिया घरं. वाढदिवस कुणाच्याही घरचा असला, तरी खुर्च्या, सतरंज्या आणि मोठी पातेली सगळ्या चाळीतून यायची. शेजारच्या बेन खमणाचं ताट पाठवायच्या आणि आईच्या शिऱ्याचा वास ओटीभर दरवळायचा.

सकाळी घरचं औक्षण. पाटाभोवती रांगोळी, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, सुपारी आणि अंगठी ओवाळून मग निरांजन. आजी हे तिथीने करायची. शाळेतल्या गोळ्या आणि संध्याकाळचे मित्र मात्र तारखेने. त्यामुळे दोन वाढदिवस मिळायचे, याचाच आम्हाला आनंद. तिथी तारखेच्या मागेपुढे सरकते, पण अधिक महिना तिला पुन्हा जागेवर आणतो, म्हणून ती आपला ऋतू सोडून फार लांब जात नाही. साधारण दर 19 वर्षांनी तिथी आणि तारीख परत एकत्र येतात. श्रावणात जन्मलेल्या मुलाला पाऊस मिळणार आणि पौषातल्याला बोरं, ही खात्री पंचांगानेच दिलेली होती.

थंडीतल्या मुलांचं भाग्य सगळ्यांत मोठं. घरात लहानगं असलं, की संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान त्याचं बोरन्हाण व्हायचं. काळं झबलं, हलव्याचा मुकुट, हलव्याचा हार, हातात हलव्याची बासरी. मग पाटावर बसवून डोक्यावरून चुरमुरे, बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, तिळाच्या रेवड्या ओतायच्या. भोवतीची पोरं ओंजळी भरभरून ते गोळा करायची. वेषभूषा, सजावट, खेळ, खाऊ आणि पाहुण्यांनी घरी न्यायची भेट, सगळं एकाच समारंभात. आजच्या थीम पार्टीत जे जे असतं ते सगळं आमच्या आज्यांनी दोन-चार शेर चुरमुऱ्यांत बसवलं होतं. म्हणूनच जानेवारीत जन्मलेल्या थोरल्या मुलांच्या वाढदिवसालाही हाच थाट यायचा. अंगणात बोरं लपवायची आणि सगळ्यांनी शोधायची. वलसाडच्या बाजूने कुणी येणार असलं, तर पापडी आणि कंद मडक्यात शिजवलेलं उंबाडियू यायचं. मग त्या दिवशी केकची आठवणही होत नसे.

मे महिन्यातल्या मुलांना शाळेत गोळ्या वाटायला मिळत नसत, पण त्यांना सुट्टी आणि आंबा मिळायचा. आमरस-पुरी, कैरीचं पन्हं, करवंदं, ताडगोळे. रसनाचा पाच रुपयांचा पुडा बत्तीस ग्लास सरबत द्यायचा आणि ते बत्तीस ग्लास कोणाकोणाला पुरवायचे याचा हिशोब वाढदिवसवाल्यानेच करायचा. झाडाखाली सतरंजी अंथरायची, संगीत खुर्ची आणि लिंबू-चमचा खेळायचं, आणि अंधार पडला की अंताक्षरी.

जून-जुलैत जन्मलेल्याच्या वाढदिवसाला पाऊस बोलावल्याशिवाय यायचा. मग सगळं घरात. राजा, प्रधान, चोर, शिपाई अशा चिठ्ठ्या. नाव-गाव-फळ-फूल. ताटात वीस वस्तू मांडून मिनिटभर दाखवायच्या, वर फडकं टाकायचं आणि आठवतील तितक्या लिहायला सांगायच्या. आई कुकरमध्ये तळाला वाळू घालून केक भाजायची. तो एका बाजूने थोडा जास्त फुगायचा आणि त्याच बाजूच्या तुकड्यासाठी भांडणं व्हायची. बाहेर वाहत्या पाण्यात जुन्या वह्यांच्या पानांच्या होड्या सोडायच्या. ज्याची होडी कोपऱ्यावरच्या मोरीपर्यंत पोचेल त्याला पहिलं कणीस.

ऑगस्टच्या सुरुवातीला ज्यांचा वाढदिवस, त्यांच्याकडे सगळा प्रदेशच सण साजरा करायचा. 1954 च्या जुलैअखेर स्वातंत्र्यसैनिकांनी नरोलीची पोर्तुगीज पोलीस चौकी ताब्यात घेतली आणि 2 ऑगस्टला सिल्वासा मुक्त झालं. ज्यांचा आवाज आमच्या घरात रोज रेडिओवर यायचा, ते सुधीर फडकेही या लढ्यात होते, हे ऐकून आम्हा मराठी मुलांची छाती फुगायची. मुक्तिदिनाची सुट्टी, झेंडावंदन आणि मग दुपारी वाढदिवसाच्या घरी आमचा हक्काचा खेळ: एका गटाने पडवीत चौकी राखायची, दुसऱ्याने ती जिंकायची. खर्च एका जुन्या ओढणीच्या झेंड्याचा. इतिहास आम्ही पुस्तकात वाचण्याआधी असा पावसात भिजत खेळलो.

आश्विनातल्या मुलींच्या वाढदिवसाला भोंडला. पाटावर हत्ती काढून फेर धरायचा आणि शेवटी झाकलेला डबा हलवून आत खिरापत काय ते ओळखायचं. गुजराती मैत्रिणी गरब्याच्या तयारीतून धावत यायच्या आणि आमच्या फेरात त्यांच्या टाळ्या मिसळायच्या. दिवाळीच्या आगेमागे जन्मलेल्याकडे किल्ला. माती, दगड, गोणपाट, बुरुजावर मातीचे मावळे, उतारावर हिरवळीसाठी मोहरी पेरलेली. मोहरी उगवायला चार-पाच दिवस लागतात, म्हणून तयारी आठवडाभर आधी सुरू व्हायची, आणि वाढदिवसाच्या दिवशी कोंब दिसले की किल्ला पूर्ण झाला असं आम्ही जाहीर करायचो.

त्याच दिवसांत भाताची कापणी असायची आणि मागच्या पाड्यावरून तारप्याचा आवाज यायचा. दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचं ते वाद्य वाजलं की आमचे पाय आपोआप हलायचे. तिथल्या एका मावशींनी आम्हाला कुडाच्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने माणूस काढायला शिकवलं: दोन त्रिकोण टोकाला टोक लावायचे, वर गोल डोकं, चार काड्यांचे हातपाय. ही कला आज जगभर पोचली आहे. डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांना 2011 मध्ये पद्मश्री मिळाली. पण आमच्यासाठी ती शेजारच्या अंगणातली गोष्ट होती. खाकी कागदाचा मोठा ताव भिंतीला लावून त्यावर आलेल्या प्रत्येक मुलाने आपलं माणूस काढायचं आणि सगळ्यांची मिळून तारप्याभोवतीची रांग तयार व्हायची. तो कागद पुढे वर्षभर भिंतीवर राहायचा.

मग हे बदललं कसं? अंगणं गेली, चाळींच्या जागी इमारती आल्या. आईवडील दोघंही कामावर आणि कारखान्याची पाळी वाढदिवस बघून बदलत नाही. तयार सजावटीचं पाकीट दोन दिवसांत घरपोच येतं आणि थकलेल्या आईला त्याचा मोठा आधार वाटतो. तिला नावं ठेवण्याचा अधिकार कुणालाच नाही. काही गोष्टी तर आज निश्चित जास्त चांगल्या आहेत. मुलाला काय हवं ते विचारलं जातं. मुलीचा वाढदिवस मुलाइतक्याच हौसेने होतो. ज्या मुलांची घरं नुकतीच या गावात आली आहेत, त्यांना एका संध्याकाळी दहा मित्र मिळतात.

पण दोन गोष्टी हातातून निसटल्या, आणि त्यांचं मला मनापासून वाईट वाटतं. एक म्हणजे ऋतू. पडदे ओढलेल्या खोलीत जून काय आणि जानेवारी काय, वाढदिवस सारखाच दिसतो. दुसरी म्हणजे तयारी. पूर्वी वाढदिवस एका संध्याकाळचा नव्हता, आठवडाभराचा होता, आणि त्यातलं निम्मं काम मुलांच्या हातांत होतं. आता मूल आपल्याच वाढदिवसाला पाहुण्यासारखं येतं. खर्च वाढला तो याच दोन कारणांनी. जे ऋतू फुकट द्यायचा आणि जे मुलं हाताने करायची, ते आता विकत आणावं लागतं. त्यातलं बरंच दुसऱ्या दिवशी कचऱ्यात जातं. 1 जुलै 2022 पासून देशात बंद झालेल्या एकदा वापरायच्या प्लॅस्टिक वस्तूंची यादी वाचली, तर अर्धी वाढदिवसाचीच वाटते: फुग्यांच्या काड्या, सजावटीचा थर्माकोल, प्लेट, पेले, चमचे, स्ट्रॉ.

म्हणून माझं आजच्या आईवडिलांना कळकळीचं सांगणं आहे: थीम ठेवा, अवश्य ठेवा, पण ती महिन्याला विचारून ठरवा. त्यासाठी अंगण लागत नाही, एक खोली पुरते. मुलाला डायनासोरच हवा असेल तर तोही येऊ द्या. जुलैतला डायनासोर पावसात कुठे लपेल, दिवाळीतला किल्ल्याच्या कुठल्या गुहेत राहील, हे मुलांनाच बांधू द्या. पुठ्ठ्याची खोकी दुकानदार आनंदाने देतो.

पंधरा मुलांसाठी हिशोब सोपा आहे. अर्धा किलो चुरमुऱ्यांची भेळ, ऋतूचं एक फळ आणि घरी केलेला एक गोड पदार्थ. ताटल्यांऐवजी पळसाच्या पत्रावळी आणि द्रोण. खेळ चार पुरेत, दोन धावपळीचे आणि दोन बसून, आलटून पालटून. मुलं दमलेली असतील तेव्हाच खायला द्यावं. एकूण वेळ दोन-अडीच तास, त्याहून जास्त नको. सजावटीसाठी खाकी कागद, गेरू आणि पांढरा पोस्टर रंग. वारली चित्रं काढणार असाल, तर शेतं, झाडं, पक्षी, तारप्याचा नाच काढू द्या. लग्नात सुवासिनींनी लिहायचा देवीचा चौक मात्र सजावटीसाठी वापरू नका, तो त्या समाजाचा विधी आहे. गावातल्या एखाद्या वारली ताईंना मानधन देऊन तासभर शिकवायला बोलावलं, तर त्याहून उत्तम पाहुणा नाही.

निघताना द्यायची भेटही महिनाच सुचवतो. जूनमध्ये कागदी पुडीत भेंडी, भोपळा किंवा झेंडूचं बी. जानेवारीत तिळाच्या वड्या. मेमध्ये सगळ्यांनी मिळून रंगवलेली खापराची पणती किंवा कुंडी. पुड्यांवर नावं वाढदिवसवाल्या मुलानेच लिहावीत. पाच वर्षांचं मूलसुद्धा मित्राच्या नावाचं पहिलं अक्षर काढू शकतं.

आणि तयारीचा एक दिवस कामाच्या पाळीतून, शाळेच्या अभ्यासातून काढून ठेवा. त्या दिवशी दोन-तीन मित्रांना आधीच बोलवा. झिरमिळ्या कापू द्या, बोरं निवडू द्या, मोहरी पेरू द्या. पताका वाकडी लागली तर तशीच राहू द्या. आजोबा-आजी जवळ असतील तर चिठ्ठ्यांचा खेळ त्यांनाच शिकवायला सांगा. बोरन्हाणाने, भोंडल्याने, दिवाळीच्या किल्ल्याने आमच्या पिढीला जे दिलं ते पैशांनी आलेलं नव्हतं आणि म्हणूनच ते आजही, नरोलीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांतही, तसंच्या तसं देता येतं. तुमच्या मुलाचा वाढदिवस कोणत्या महिन्यात येतो? त्याच्या आठवडाभर आधी त्याला घेऊन बाजारात जा, हातगाड्यांवर या दिवसांत काय आलंय ते त्यालाच बघू द्या, आणि यंदाचा वाढदिवस कशाचा करायचा ते तिथे उभं राहून ठरवा.