आदरार्थी टिंब

फाइल म्हटली की लाल फीत आणि वरिष्ठांचा शेरा एवढेच ज्यांना आठवते, त्या सरकारी नोकरांच्या पंथातले आम्ही. बदली होऊन बेंगळूरास आलो, आणि फाइल या शब्दाचा दुसरा अर्थ येथे आम्हांस उतारवयात शिकावा लागला.

निमित्त झाले आजोबांच्या पत्रांचे. 1955 च्या सुमारास आमचे वडीलही नोकरीपायी याच शहरी होते. तेव्हा ते म्हैसूर राज्यात मोडत असे. आजोबांनी त्यांना धाडलेली चाळीस पत्रे आम्ही संगणकावर उतरविली. एका पत्राची एक लहानशी फाइल. पण 'घरीं', 'तूं', 'केलें' अशा जुन्या अनुस्वारांपाशी आमची मुले अडखळू लागली. 1962 च्या लेखननियमांनी अनुच्चारित अनुस्वारांना रजा दिली. तीच आपणही द्यावी, असे आम्ही ठरविले.

खालच्या मजल्यावरील एका कन्नड तरुणाने पायथन भाषेत दहा ओळींची आज्ञावली लिहून दिली. तिचे काम एखाद्या आज्ञाधारक कारकुनाचे. फाइल उघडावी, एक ओळ वाचावी, टिंब दिसल्यास गाळावे, ओळ दुसऱ्या फाइलीत उतरवावी आणि पुढच्या ओळीकडे वळावे. "मूळ फाइल लिहिण्यासाठी कधी उघडू नका," त्याने बजावले, "उघडताक्षणीच ती कोरी होते." टिंब त्याच्या परिचयाचे होते. कन्नडात त्याला सोन्ने, म्हणजे शून्य, म्हणतात. ते अक्षराच्या डोक्यावर न बसता शेजारी ऐसपैस जागा घेते. गंमत अशी, की संगणकाच्या पोटात आपले टिंबही कन्नड रीतीनेच राहते. अक्षरानंतर येणारे एक स्वतंत्र चिन्ह म्हणून. त्यामुळे ते वेचून काढणे फार सोपे.

पळभरात चाळीस पत्रे धुऊन निघाली. पहिलेच पत्र उघडले, तो 'यदा आबा पुष्कळ आला'! आंब्याचा आबा झाला होता, आणि बंगळूरचे बगळूर. आम्ही पोट धरून हसलो.

पुढे मात्र हसू मावळले. वडिलांनी आजोबांच्या मनाविरुद्ध विवाह केला होता, आणि आजोबांनी व्याह्यांना अखेरपर्यंत क्षमा केली नाही, असे घरात सांगत. मूळ पत्रे शेजारी ठेवून आम्ही ओळीमागून ओळ ताडून पाहू लागलो. आरंभीच्या पत्रांत आमच्या आईच्या वडिलांविषयी 'त्याचें' असे रोखठोक एकवचन होते. 1957 च्या एका पत्रात मात्र 'त्यांचें कुशल कळीव' असे लिहिले होते. मध्ये एक टिंब आले होते. क्षमेचा एकही शब्द नव्हता. जे काही होते ते त्या टिंबात होते. आमच्या नव्या फाइलींत दोन्हीकडे 'त्याचे' उरले होते. आजोबांनी दोन वर्षे झगडून जे दिले, ते आम्ही एका आज्ञेने काढून घेतले होते.

दोष नियमांचा नव्हे. अनेकवचनाचे आणि आदराचे टिंब त्यांनी राखलेच आहे, घाई आमची. आणि 'घरांत' म्हणजे एका घरात की अनेक घरांत, हे ओळ वाचून समजणाऱ्यालाच ठाऊक.

मूळ फाइली सुदैवाने शाबूत होत्या. आता ती आज्ञावली एक ओळ दाखविते आणि थांबते. टिंब ठेवावे की गाळावे, हे आम्ही सांगतो, मग ती पुढे सरकते. चाळीस पत्रांना तीन आठवडे लागले. घरातली ती जुनी समजूत आता मुलांना सांगताना आम्ही 1957 चे ते पत्र पुढे ठेवतो, आणि त्या ओळीवर बोट ठेवून त्यांनाच वाचावयास लावतो.