चेन्नईच्या पाण्यावर एकट्याची होडी

चेन्नईला जाऊन आलेल्या कुणालाही विचारा, काय काय पाहिलंत? मरीना बीच, मैलापूरचं कपालीश्वर मंदिर, टी. नगरमधली साड्यांची दुकानं, आणि वेळ उरलाच तर महाबलीपुरम. यादी ठरलेली असते. पुढच्या वेळी जाल तेव्हा एक सकाळ मात्र मोकळी ठेवा. उजाडायच्या आत उठा, कोपऱ्यावरच्या हॉटेलात उभ्या-उभ्या फिल्टर कॉफी घ्या आणि अड्यार नदीवरच्या कोट्टूरपुरमच्या पुलाकडे निघा.

नशिबाने साथ दिली तर पाण्यावर एक बारीक, लांबलचक होडी दिसेल. त्यात एकच जण बसलेला असेल आणि त्याच्या दोन्ही हातांत एकेक वल्हं असेल. होडी ज्या दिशेला चालली आहे, तिकडे त्याची पाठ असेल. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, हा उलटा का बसलाय? या खेळाचं नाव सिंगल स्कल्स. दरवर्षी देशभरातली सतरा-अठरा वर्षांची मुलं-मुली राष्ट्रीय ज्युनियर स्पर्धेत याच प्रकारात एकटी पाण्यात उतरतात. घरात या वयाचं कुणी असेल, तर हा खेळ एकदा तरी काठावर उभं राहून बघा. का, ते सांगते.

नदी, क्लब आणि दीडशे वर्षं

अड्यारच्या काठावरचा मद्रास बोट क्लब १८६७ सालचा. कलकत्त्याचा रोइंग क्लब त्याच्याही आधीचा, १८५८चा. आपल्या पुण्यातला रॉयल कॅनॉट बोट क्लब १८६८चा. म्हणजे इंग्रज साहेब जिथे जिथे नदीकाठी राहिला, तिथे त्याने हा खेळ नेला. मद्रास आणि कोलंबो यांच्यातल्या वल्हवण्याच्या शर्यती १८९८ला सुरू झाल्या. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब १९२८चा, आणि तिथल्या विद्यार्थ्यांची रेगाटा आजही पुणेकर हौसेने बघायला जातात.

मद्रास बोट क्लब सभासदांचा आहे, त्यामुळे ओळखीशिवाय आत जाता येणार नाही. पुलावरून बघायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही. नदीला वास येतो, हेही आधीच सांगून ठेवते. मोठ्या शहरातून वाहणाऱ्या नदीच्या वाट्याला जे येतं, ते अड्यारच्याही वाट्याला आलं आहे.

सरावाला नदी चालते. मोठ्या स्पर्धेचं गणित वेगळं असतं. तिथे सहा होड्या शेजारी-शेजारी धावतात आणि पूर्ण शर्यत २००० मीटरची असते. त्यासाठी सरळ, रुंद आणि शांत पाणी लागतं. शहरातल्या वळणावळणाच्या नदीत ते कुठून मिळणार? म्हणून चेन्नईतलं स्पर्धेचं रोइंग बघायचं तर शहर सोडून पश्चिमेला, बंगळुरूच्या महामार्गाला लागावं लागतं.

याच रस्त्यावर डाव्या हाताला चेंबरमबाक्कमचा विस्तीर्ण तलाव लागतो. तमिळमध्ये अशा तलावाला ‘एरी’ म्हणतात. डिसेंबर २०१५मध्ये चेन्नई पाण्याखाली गेली, तेव्हा बातम्यांत सारखं ज्याचं नाव येत होतं तोच हा तलाव. त्याचं जादा पाणी अड्यारमध्येच जातं. म्हणजे सकाळी पुलावरून ज्या नदीकडे बघितलंत, तिच्याच उगमाकडे तुम्ही चालला आहात. तलाव मागे टाकून श्रीपेरुंबुदूरच्या अलीकडे चेट्टीपेडू नावाचं गाव येतं. तिथे श्री रामचंद्र विद्यापीठाचं वॉटर स्पोर्ट्स सेंटर आहे, आणि राष्ट्रीय पातळीच्या रोइंग स्पर्धा तिथे झालेल्या आहेत. राष्ट्रीय स्पर्धा दरवर्षी एकाच गावी नसतात, जागा बदलत राहतात. तेव्हा निघण्यापूर्वी यंदा कुठे आहेत याची चौकशी जरूर करा. आणि जमेल तितक्या सकाळी पोहोचा. चेन्नईत दुपारी समुद्राकडून वारा सुटतो आणि इतक्या हलक्या होड्यांना वाऱ्याशी झुंजणं जड जातं.

पाठमोरी शर्यत

आता होडी जवळून बघा. लांबी सव्वाआठ मीटरच्या आसपास, म्हणजे सुमारे सत्तावीस फूट. रुंदी इतकी कमी की बसणाऱ्याच्या कमरेला जेमतेम जागा मिळते. नियमाप्रमाणे होडीचं वजन किमान १४ किलो असावं लागतं. घरच्या सिलिंडरमध्ये जेवढा गॅस असतो, जवळपास तेवढंच. दोन्ही वल्ही पाण्यावर आडवी धरलेली असतात म्हणून ही होडी उभी राहते. वल्ही सोडली की कलंडली. सायकलवर बसून हँडल सोडण्यासारखंच आहे हे, फक्त खाली रस्त्याऐवजी पाणी.

बसायची पाटी चाकांवर पुढे-मागे सरकते आणि पाय समोरच्या फळीवरच्या बुटांत अडकवलेले असतात. लोकांना वाटतं, हा हातांचा खेळ. खरा जोर असतो मांड्यांचा. गुडघे दुमडून पुढे सरकायचं, वल्ह्यांची पाती पाण्यात बुडवायची, पायांनी फळी रेटायची आणि शेवटी हातांनी ओढ पूर्ण करायची. ओढताना दोन्ही मुठी एकमेकींवरून जातात. नवशिक्यांच्या बोटांची सालटी इथेच निघतात. दोन किलोमीटरमध्ये हे सगळं दोनशेहून अधिक वेळा करायचं असतं. चांगल्या ज्युनियर मुलांना त्यासाठी साधारण सात-साडेसात मिनिटं लागतात, मुलींना आठच्या आसपास.

एक काळ असा होता, की मुलींना एवढं अंतर झेपणार नाही असं मोठ्यांनीच ठरवून टाकलं होतं. १९७६च्या माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांचं रोइंग सुरू झालं ते १००० मीटरवर. पुरुषांइतकं अंतर त्यांना मिळालं १९८५पासून. आज मुलीही तेच दोन किलोमीटर वल्हवतात.

पाठमोरं बसण्याची गंमत शर्यतीत कळते. सगळ्यांच्या पुढे असलेल्या मुलाला मागचे सगळे प्रतिस्पर्धी समोर दिसतात. जो शेवटी असतो त्याला कुणीच दिसत नाही, दिसते ती आपल्याच होडीने पाण्यावर सोडलेली रेघ. शेवटची रेषा तर कुणालाच दिसत नाही. मान वळवून बघायचं तर होडी डगमगते आणि वेग जातो. म्हणून बाजूने सरकणारे तरंगते गोळे बघायचे आणि मनात अंतर मोजायचं. शेवटच्या २५० मीटरमध्ये गोळ्यांचा रंग बदलतो. तो दिसला की कळतं, आता उरलीसुरली ताकद बाहेर काढायची.

काठावरच्यांना यातलं काय दिसतं? सुरुवात होते दोन किलोमीटर लांब, तिथे नुसते ठिपके असतात. आई-बाबा, ताई-दादा, आजी-आजोबा उभे असतात शेवटच्या टप्प्याला. पहिली पाच-सहा मिनिटं लाउडस्पीकर सांगेल तेवढंच कळतं. प्रशिक्षकालाही बाहेरून फोन किंवा वॉकीटॉकीवरून सूचना देता येत नाहीत, नियमात बसत नाही. थकल्यावर बदली खेळाडू नाही, टाइम-आउट नाही. पोर एकटं.

एकटं, पण वाऱ्यावर सोडलेलं नाही

मला या खेळात सगळ्यात जास्त भावलेली गोष्ट पुढेच आहे. पोराला एकटं पाण्यात सोडताना या खेळाने त्याच्यासाठी काय काय करून ठेवलंय, ते बघा.

होडीच्या टोकाला पांढरा रबरी चेंडू असतो. धडक झालीच तर टोक कुणाच्या पाठीत घुसू नये म्हणून. बुटांच्या टाचा दोरीने अशा बांधतात, की होडी उलटली तर हात न लावता पाय सुटावेत. होडीच्या दोन्ही टोकांना हवाबंद कप्पे असतात, त्यामुळे उलटली तरी ती तरंगते. म्हणून शिकवणाऱ्यांची पहिली ताकीद असते, पडलात तर होडी सोडायची नाही, तिला धरून राहायचं. त्याही आधीची अट म्हणजे पोहता आलं पाहिजे. शर्यतीच्या मागून पंचांची मोटरबोट येत असते. पंच मदतीला धावतील, पण वल्हं हातात घेणार नाहीत.

सुरुवातीच्या रेषेवरचं दृश्य तर बघण्यासारखं असतं. तिथल्या तरंगत्या फळीवर एक जण पालथा पडून होडीचं मागचं टोक हाताने धरून ठेवतो. सगळ्या होड्या एका रेषेत याव्यात म्हणून. एकेकाचं नाव पुकारलं जातं. ‘अटेन्शन’ होतं, लाल दिवा लागतो. मग हिरवा. त्याच क्षणी तो हात सुटतो.

बालवाडीच्या दारात मुलाचा हात सोडलेल्या आणि बारावीनंतर मुलीला परगावच्या हॉस्टेलवर पोहोचवून आलेल्या पालकांना तो क्षण वेगळा समजावून सांगायला नको.

एवढं करूनही हार झाली तर? अनेक स्पर्धांत पहिल्या फेरीत मागे पडलेल्यांसाठी आणखी एक फेरी असते, रेपेचेज. कुस्तीमुळे हा शब्द आपल्या ओळखीचा झाला. २०१६च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये साक्षी मलिकला कांस्यपदक मिळालं ते रेपेचेजमधूनच. ज्या फ्रेंच शब्दावरून तो आला त्याचा मूळ अर्थ आहे, पाण्यातून पुन्हा वर काढणं. सकाळी हरलेलं पोर पुन्हा होडीत बसतं आणि तिथे चांगलं वल्हवलं तर पुढच्या फेरीतही जातं. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आपल्या घराघरांतला चेहरा आठवा. पहिल्या फेरीत मागे पडणं म्हणजे स्पर्धा संपणं नव्हे, ही गोष्ट या खेळाने थेट नियमांतच लिहून ठेवली आहे.

तळेगाव रोहीचा दत्तू

सिंगल स्कल्सची गोष्ट मराठीत सांगायची आणि दत्तू भोकनळचं नाव घ्यायचं नाही, असं कसं चालेल? नाशिक जिल्ह्यातल्या चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे त्याचं गाव. पाण्याचं दुर्भिक्ष असलेला हा भाग. वडिलांबरोबर त्याने विहिरी खोदायची कामं केली. २०११मध्ये वडील गेले. २०१२मध्ये तो सैन्यात भरती झाला आणि पुण्यात खडकीच्या बॉम्बे इंजिनिअर ग्रुपमध्ये असताना वल्हं पहिल्यांदा त्याच्या हातात आलं. तोवर त्याने विशी ओलांडली होती. म्हणजे ज्युनियर गटाचं वय केव्हाच मागे पडलेलं. सुरुवातीला पाण्याची भीती वाटायची, असं त्याने स्वतःच सांगितलं आहे.

२०१५मध्ये बीजिंगला आशियाई स्पर्धेत त्याने सिंगल स्कल्सचं रौप्य मिळवलं. २०१६मध्ये रिओला गेलेला तो भारताचा एकमेव रोइंगपटू होता. त्या दिवसांत घरी आई गंभीर आजारी होती. दत्तू रिओत तेरावा आला. आकडा ऐकून नाक मुरडू नका. विहिरीच्या तळातून निघालेला पोरगा चार वर्षांत जगात तेरावा झाला होता.

२०१८च्या आशियाई स्पर्धेत त्याची खरी कसोटी लागली. सिंगल स्कल्सच्या अंतिम फेरीत तब्येतीने दगा दिला आणि तो सहावा, म्हणजे शेवटचा आला. दुसऱ्याच दिवशी, २४ ऑगस्टला, स्वर्ण सिंग, ओम प्रकाश आणि सुखमीत सिंग यांच्याबरोबर चौघांच्या होडीत तो पुन्हा पाण्यात उतरला आणि भारताला सुवर्णपदक मिळालं.

दत्तूला जे विशीनंतर सापडलं, ते आज आपल्या मुलांना बाराव्या-तेराव्या वर्षी सापडू शकतं. पुण्यात सैन्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या आवारात खास रोइंगसाठी बांधलेला जलमार्ग आहे, आणि नाशिकमध्येही मुलं हा खेळ शिकतात. सुरुवातीला होडी विकत घ्यावी लागत नाही, ती क्लबची असते. आधी पोहणं शिकवा, मग चौकशी करा.

आणि चेन्नईला गेलात, तिथे स्पर्धा सुरू असली, तर शेवटच्या २५० मीटरला जागा पकडा. डोक्यावर टोपी आणि जवळ पाण्याची बाटली असू द्या. होडीचं टोक रेषेवरून गेलं की भोंगा वाजतो. वल्हवणारं पोर जागच्या जागी पुढे वाकतं, काही वेळ मान वर करत नाही. होडी आपोआप तरंगत राहते. काठावरून कुणी नाव घेऊन हाक मारतं, पण त्याला ऐकू जात नाही. मग हळूहळू ते वल्ही उचलतं आणि धक्क्याकडे येतं. पहिलं आलेलं असो की सहावं, चौदा किलोंची ती होडी पाण्यातून उचलून डोक्यावर घ्यायची असते. तिथे मात्र आई-बाबांना वल्ही धरायची मुभा असते.