कुणी सिनेमासाठी विचारलं तर

बीड जिल्ह्यातल्या धारूरला मास्तरकी करताना पालकांना मी एकच सल्ला देत आलो. पोरगं नाटकात चांगलं असेल तर स्नेहसंमेलनात हौस भागवू द्या, पण कुणी सिनेमासाठी विचारलं तर सरळ नाही म्हणा. शाळा बुडते, पैसा डोक्यात जातो आणि एका चित्रपटानंतर कुणी विचारत नाही.

२०१६ साली ‘सैराट’ आला आणि हे मत आणखी पक्कं झालं. त्याची नायिका, अकलूजची रिंकू राजगुरू, सातवीत असताना दिग्दर्शक नागराज मंजुळेंच्या नजरेत भरली होती. चित्रपट इतका गाजला की बघ्यांच्या गर्दीमुळे तिला नेहमीच्या वर्गात बसणं अवघड झालं. घ्या, मी म्हणायचो.

पण त्याच रिंकूनं १७ नंबरचा फॉर्म भरून, म्हणजे बाहेरून, २०१७ मध्ये दहावी दिली, ६६.४० टक्के मिळवले. पुढे २०२० मध्ये बारावीही झाली. माझं म्हणणं तिथं पहिल्यांदा डळमळलं.

बाकीचं काम हजेरीपटानं केलं. दसरा-दिवाळी झाली की आमच्या वाड्या-तांड्यांवरून कोयते, म्हणजे ऊसतोड करणारी जोडपी, पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल अंगावर असते. मागे सांभाळायला आजी नसेल, हंगामी वसतिगृहात सोय नसेल, तर पोरंही उसाच्या फडावर जातात. थोरली बहीण कोपीवर, तिथल्या झोपडीत, धाकट्याला राखते, ती उन्हाळ्यापर्यंत वर्गात दिसत नाही. तिची शाळा बुडते त्याची गावात चर्चा होत नाही. कॅमेऱ्यापुढे बुडाली की मात्र सगळ्यांना शिक्षण आठवतं.

फडावर तिचे तास कुणी मोजत नाही. चित्रीकरणात चौदा वर्षांखालच्या मुलांसाठी नियम तरी आहेत: जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी, दिवसाला जास्तीत जास्त पाच तास काम, विश्रांतीविना तीन तासांहून अधिक नाही, सलग २७ दिवसांहून जास्त नाही, अभ्यासाची सोय आणि कमाईतले किमान २० टक्के मुलाच्या नावे मुदत ठेवीत. कागदावरचा नियम आपोआप पाळला जात नाही, हे खरं. पण बोट ठेवायला जागा तर आहे.

म्हणून आता पालकांना सांगतो: आधी पोरीला विचारा. तिची इच्छा असेल तर परवानगीचा कागद बघा, करार वाचून घ्या, आईबापांपैकी एकानं सोबत जा, आणि परीक्षेच्या तारखा आधीच लिहून द्या. ऑडिशनच्या नावाखाली जो तुमच्याकडेच पैसे मागेल, त्याला मात्र उंबऱ्यावरूनच परत पाठवा.