चौघांतला चौथा

दिवाळीच्या सुटीत अमरावतीचा थोरला नातू अकोल्याला आला की संध्याकाळनंतर घराचे माजघर रणांगण होते. सूर्यास्तापूर्वी जेवणे आटोपलेली असतात, आजोबा दिव्याखाली दुकानाची वही पाहत बसतात आणि दोघे चुलतभाऊ भिंतीला पाठ टेकून मोबाइलवर बीजीएमआय खेळतात. आपल्या घरात बंदुकीचा खेळ चालावा, याचे शल्य आजोबांना आहेच. पडद्यावरचे रक्त हिरवे दाखवतात, एवढ्याने ते कमी होत नाही. तरीही यंदा त्यांनी तो खेळ समजून घेतला, कारण धाकट्याचा चेहरा दोन दिवस उतरलेला होता.

खेळ असा : शंभरापर्यंत खेळाडू एका बेटावर उतरतात, चौघांचा एक चमू. सुरक्षित वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी टिकेल तो चमू जिंकतो. चौघांत कामे वाटलेली असतात. एक पुढे घुसतो, एक दुरून नेम धरतो, एक निर्णय देतो आणि चौथा औषधे वाहतो, गाडी हाकतो, पडलेल्याला उचलतो. थोरला निव्वळ नेमबाज. धाकट्याला चारही कामे येतात. अमरावतीच्या मुलांनी स्पर्धेसाठी चमू बांधला तेव्हा थोरल्याला घेतले, धाकट्याला नाही.

‘‘मला सगळं येतं, आजोबा. म्हणूनच मी कुणाला लागत नाही,’’ तो म्हणाला.

हे वाक्य आजोबांना लागले, कारण ते त्यांनी स्वतःच्या मनाशी अनेकदा उच्चारले होते. त्यांचे थोरले बंधू कापसाचे जाणकार होते. पुंजका चिमटीत धरून ओढला की तंतूची लांबी सांगत, आणि गाठी बांधणारे व्यापारी त्यांच्या शब्दावर सौदा करीत. आजोबा मात्र सरकी, पेंड, तूरडाळ, किराणा असे जे समोर येईल ते करीत. बाजारात थोरल्यांना मान, धाकट्याला ‘त्यांचा भाऊ’ एवढीच ओळख. मग १९७२ साली राज्य शासनाची कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि शेतकऱ्याकडून कापूस घेण्याचा खासगी व्यापाऱ्याचा मार्ग बंद झाला. चिमटी तीच होती, तिला काम उरले नाही. थोरले बंधू डाळीच्या दुकानात येऊन बसू लागले. हिशेब अचूक लिहीत. पण डाळ त्यांनी कधी मन लावून हातात घेतली नाही.

खेळातही असेच घडले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी पबजी मोबाइलवर बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ बीजीएमआय या नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा उठला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. पहिल्या बंदीचे दहा महिने थोरला नातू नुसता चिडचिड करीत होता. धाकटा तोवर दुसऱ्या दोन खेळांत रमला. शिवाय नेमबाजांची जबर बंदूक, एडब्ल्यूएम, विमानातून पडणाऱ्या पेटीत सापडली तर सापडते. ती न मिळाल्यास थोरल्याचा निम्मा जोर ओसरतो.

आजोबांना वाटले, निकाल धाकट्याच्या बाजूने लागला. पण थोरला गप्प बसणारा नव्हता.

‘‘अनोळखी लोकांबरोबर खेळताना हाच कामाचा, आजोबा. पण रोज एकत्र सराव करणाऱ्या चमूत प्रत्येकाचं एक काम पक्कं लागतं. मी नेम सोडून औषधं शोधत बसलो, तर चौघंही जातील.’’

यावर आजोबा बराच वेळ बोलले नाहीत. मुलाचे म्हणणे खोटे नव्हते. ज्या भांडवलावर त्यांनी डाळ आणि किराणा उभा केला, ते आले कुठून? भावाच्या चिमटीतूनच. आणि १९७२ नंतर त्या भावाचे घर चालले ते डाळीवर. कोणी कोणाला सांभाळले, याचा ताळेबंद अजून जुळलेला नाही. बँकांच्या भरतीतही सर्वसाधारण अधिकारी आणि विशेषज्ञ अधिकारी यांच्या परीक्षा वेगळ्या असतात. शाखेचा गाडा मात्र दोघे मिळूनच ओढतात.

‘‘वर्तुळ सरकतंय, हे तुमच्यात आधी कोणाच्या लक्षात येतं?’’ त्यांनी विचारले.

थोरल्याने धाकट्याकडे पाहिले. ‘‘याच्या.’’

‘‘ते कुठे मोजतात?’’

‘‘नाही मोजत. किती जणांना बाद केलं, तेच फलकावर दिसतं.’’

भाऊबीजेनंतर अमरावतीची गाडी सुटताना थोरला खिडकीतून म्हणाला, ‘‘पाचव्या राखीव खेळाडूचं नाव देता येतं रे. विचारतो मी त्यांना.’’ धाकट्याने नुसती मान हलवली.

परतताना आजोबा त्याला दुकानात घेऊन गेले. नव्या हंगामाच्या कापसाचा एक पुंजका गल्ल्यात ठेवायचा, ही भावाची रीत त्यांनी भावामागेही चालू ठेवली आहे. तो काढून त्यांनी नातवाच्या चिमटीत दिला. त्याने ओढून पाहिले. तंतू मध्येच तुटला.

‘‘हळू,’’ आजोबा म्हणाले, ‘‘पुन्हा ओढ.’’