स्कोप किती एक्सचा असावा?

शाळेच्या मेळाव्याला आलो की कॅडेट मंडळी मला घेरतात आणि पाच मिनिटांत गाडी एकाच प्रश्नावर येते: “सर, स्कोप कितीचा भारी? चार एक्स की आठ एक्स?” मोबाईलवरच्या खेळात आठ एक्स सापडला की पोरे किती खूश होतात, हे मला ठाऊक आहे. माझा नातूही तोच खेळ खेळतो. पण हा प्रश्न खरी रायफल हाताळणारी माणसेही विचारतात. पायदळातून निवृत्त होऊन मी रायपूरला स्थायिक झालो. इथून बस्तरकडे ड्यूटीवर जाणारे काही तरुण ओळखीचे आहेत. त्यांचा प्रश्न असा असतो: रायफलवर एक ते सहा पटीची दुर्बीण बरी, की तीन ते नऊ पटीची? दर वेळी उभ्या उभ्या अर्धे उत्तर देण्यापेक्षा आपल्या मराठी पानावर एकदा नीट लिहावे असे ठरवले.

आधी आकडे समजून घेऊ. स्कोपवर ‘१-६×२४’ असे लिहिलेले असते. म्हणजे कडे फिरवून तो एक पटीपासून सहा पटीपर्यंत नेता येतो आणि पुढच्या काचेचा व्यास २४ मिलिमीटर आहे. ही कमी शक्तीची, बदलत्या पटीची दुर्बीण. ‘३-९×४०’ म्हणजे तीन ते नऊ पट आणि पुढची काच ४० मिलिमीटर. ही मध्यम शक्तीची. पट म्हणजे काय, हे तुम्हाला फील्डक्राफ्टच्या तासावरून लगेच कळेल. सहा पटीतून ३०० मीटरवरचा माणूस पाहिला, तर तो साध्या डोळ्यांना ५० मीटरवर दिसावा एवढा दिसतो. तीन पटीतून तोच १०० मीटरवर असल्यासारखा दिसतो.

आता एनसीसीतला दुसरा धडा आठवा. उस्ताद सांगतात, “मजबूत पकड, सही शिस्त, सही ट्रिगर ऑपरेशन.” मराठीत शिस्त म्हणजे वागण्यातली शिस्त, पण फौजेत ‘शिस्त घेणे’ म्हणजे नेम धरणे. साध्या साइटने शिस्त घेताना डोळ्याला तीन ठिकाणे सांभाळावी लागतात: बॅकसाइट, फोरसाइट टिप आणि टार्गेट. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो, म्हणून आपण टिप स्पष्ट ठेवतो आणि टार्गेट थोडे धूसर राहू देतो. स्कोपमध्ये नेमाची खूण आणि टार्गेट एकाच पातळीवर दिसतात. डोळ्याचे काम सोपे होते. स्कोपचा खरा फायदा हा आहे. पकड आणि ट्रिगर तो सुधारत नाही. उलट नऊ पटीत स्वतःच्या हाताची थरथरही नऊ पट दिसते, आणि ती थांबवण्याच्या नादात पोरे ट्रिगरला झटका देतात.

मग कमी शक्तीचा स्कोप कशासाठी? रायपूरहून धमतरी, चारामा, कांकेर असे दक्षिणेला निघा. केशकाल घाट चढला की सालाचे जंगल सुरू होते. पावसाळ्यानंतर त्या झाडीत तीस-चाळीस मीटरपलीकडचे दिसले तरी नशीब. कांकेरला २००५ साली जंगलयुद्धाचे प्रशिक्षण देणारे कॉलेज उभे राहिले, त्यामागे हाच भूगोल आहे. सीमेपलीकडे आपल्या गडचिरोलीत १९९० साली सी-६० पथक उभे केले गेले, त्यांचेही रान असेच. अशा ठिकाणी समोरासमोर गाठ पडली, तर डोळा, काच आणि माणूस यांची जुळणी व्हायला क्षणभरच मिळतो. एक पटीवर ठेवलेल्या स्कोपमधून दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहता येते. १०० मीटरवर साधारण ३५ ते ४० मीटर रुंदीचा पट्टा दिसतो. तीन पटीच्या स्कोपमधून तेवढ्याच अंतरावर सुमारे ११ मीटर दिसतात, आणि नऊ पटीवर चारेक मीटर. हेच ३० मीटरवर आणा: तीन पटीत तुम्हाला जेमतेम सव्वातीन मीटर रुंदीचा तुकडा दिसेल. एखादा माणूस त्या तुकड्याबाहेर, डावीकडच्या झाडामागे असेल, तर तुमच्या काचेच्या दृष्टीने तो नाहीच.

इथपर्यंत ऐकले की तरुण म्हणतात, “मग झाले ना काका, एक ते सहाच घ्यायचा. जवळचेही भागते, लांबचेही भागते.” इथे मी त्यांना थांबवतो.

छत्तीसगडमध्ये पहाटे कोण कोण बाहेर असते याची यादी करून पाहा. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुले गळतात. ती वेचायला बाया, पोरे, म्हातारी माणसे उजाडायच्या आत झाडाखाली पोहोचतात आणि वाकून, उकिडवे बसून फुले गोळा करतात. त्यानंतर तेंदूपत्त्याचा हंगाम. घरोघरचे लोक पहाटे रानात शिरतात. पुरुषाच्या खांद्यावर टंगिया असतो. टंगिया म्हणजे इथली कुऱ्हाड, लांब दांड्याची. लांबून, अपुऱ्या उजेडात, खांद्यावरचा टंगिया आणि खांद्यावरची बंदूक यांत फरक किती दिसतो? स्कोपचा विचार खरे म्हणजे या प्रश्नापासून सुरू व्हायला हवा. गोळी किती लांब जाते, हे नंतर.

फील्डक्राफ्टमध्ये आपण पाठ केलेले असते: २०० यार्डांवर शरीराचे सगळे भाग स्पष्ट, ३०० यार्डांवर चेहऱ्याची कड पुसट, ४०० यार्डांवर शरीराची आकृती कळते पण चेहरा ओळखता येत नाही. हे भर उजेडातले. पहाटे प्रत्येक आकडा खाली घसरतो.

गेल्या डिसेंबरात आम्ही तीन-चार निवृत्त मंडळींनी याचा साधा पडताळा घेतला. रायपूरच्या बाहेर धान कापून झालेली मोकळी शेते होती. दोन्ही प्रकारचे स्कोप रायफलीवर न लावता वाळूच्या पिशव्यांवर ठेवले. २५० मीटरवर बांधाच्या कडेने एक जण चालत होता. त्याच्या खांद्यावर कधी टंगिया, कधी काठी, कधी लाकडी डमी रायफल. इथे डिसेंबरात सूर्य साडेसहानंतर उगवतो. आम्ही सहालाच सुरुवात केली. एक पटीवर आम्हा सर्वांना फक्त एक काळी आकृती दिसत होती. सहा पटीवर २४ च्या काचेतून काहीतरी लांबट आहे एवढे कळत होते, पण काय ते सांगताना आमचे एकमत होईना. त्याच सहा पटीवर ४० च्या काचेतून टंगियाचे पाते वेगळे दिसू लागले. दहा-पंधरा मिनिटांनी उजेड वाढला आणि दोन्ही काचांतून सारखेच दिसू लागले.

यामागे जादू नाही, साधा भागाकार आहे. पुढच्या काचेच्या व्यासाला पटीने भागले की डोळ्याकडे येणाऱ्या प्रकाशाच्या झोताची रुंदी मिळते. २४ भागिले ६ म्हणजे ४ मिलिमीटर. ४० भागिले ६ म्हणजे साडेसहाहून थोडी जास्त. तरुण माणसाची बाहुली अंधारात सुमारे ७ मिलिमीटरपर्यंत उघडते. तिला ४ मिलिमीटरचा झोत अपुरा पडतो. भर दुपारी बाहुली दोन-तीन मिलिमीटरवर येते, तेव्हा दोन्ही काचा तिला पुरून उरतात. म्हणजे दुपारी दुकानात उभे राहून स्कोप पारखणाऱ्याला हा फरक कधी दिसणारच नाही. वय वाढले की बाहुली तेवढी उघडत नाही. त्यामुळे आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना मोठ्या काचेचा फायदा तुमच्यापेक्षा कमी होतो, हेही त्या पहाटे कळले.

एवढे वाचून कोणी म्हणेल, मग मध्यम शक्तीचाच बरा. थांबा. स्कोप रायफलीवर बसवलेला असतो. स्कोपमधून एखाद्याकडे पाहणे म्हणजे त्याच्याकडे नळी रोखणे. मोहफुले वेचणाऱ्या बाईच्या हातात काय आहे हे पाहण्यासाठी तिच्यावर भरलेली रायफल धरायची, ही पद्धत चुकीची आहे आणि धोक्याचीही. रायफलीचे पहिले कायदे तुम्हाला पाठ आहेत: ज्याच्यावर गोळी झाडायची नाही, त्याच्याकडे नळी वळवायची नाही. ओळख पटवायची ती गळ्यातल्या दुर्बिणीने, म्हणजे बायनॉक्युलरने. तिची पट सात-आठ असते, काच मोठी असते, दोन्ही डोळे वापरता येतात आणि तिला ट्रिगर नसतो. सेक्शन कमांडर आणि त्याचा जोडीदार आधी बायनॉक्युलर डोळ्याला लावतात, मग हुकूम देतात. हे होत असेल, तर प्रत्येक जवानाच्या रायफलीवर जास्त पट चढवण्याची गरज बरीच कमी होते.

बाहेरच्या फौजांनीही हाच हिशेब वेगवेगळ्या काळी मांडला आहे. सोव्हिएत सैन्याने १९६३ साली स्वीकारलेली ड्रॅगुनोव्ह रायफल आपल्याकडेही वापरात आली. तिच्यावरचा स्कोप ४×२४, पट न बदलणारा. त्यात उभ्या माणसाच्या उंचीवरून अंतर मोजायची खूणही आहे. चारने चोवीसला भागले तर झोत ६ मिलिमीटर येतो, म्हणजे त्या लहान काचेतूनही पहाटे बऱ्यापैकी दिसते. पट बेताची ठेवण्याचा हा फायदा. अमेरिकन मरीन वर्षानुवर्षे ४ पटीचा स्थिर स्कोप वापरत होते. २०२० साली त्यांनी १ ते ८ पटीचा निवडला. अमेरिकन लष्करानेही सेक्शनमधल्या निवडक नेमबाजाच्या रायफलीवर १ ते ६ पटीचा दिला. शहरातल्या गल्ल्या आणि मोकळी वाळवंटे या दोन्ही ठिकाणी एकाच जवानाला लढावे लागले, त्यातून हा बदल आला.

सोयीबरोबर किंमतही येते. एक पटीपासून वर जाणारा दणकट स्कोप बऱ्याचदा साध्या ३-९×४० पेक्षा जड असतो, महाग असतो. त्याचे कडे फिरवायला हात रायफलीवरून उचलावा लागतो, म्हणून त्याची ड्रिल बसवावी लागते: चालताना एक, थांबून लांबवर नजर ठेवताना चार-सहा, उठण्याआधी पुन्हा एक. ही सवय नसेल तर जवान सहा पटीवर ठेवून झाडीत शिरेल, आणि मग एक ते सहाचा काही उपयोग नाही. काही स्कोपमधली खूण पटीबरोबर लहान-मोठी होते, काहींतली तशीच राहते. दुसऱ्या प्रकारात मोजमापाच्या रेघा एकाच ठरावीक पटीवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत मोठ्या. कोणत्या पटीवर, हे माहीत नसेल तर रेघा वापरू नयेत. आणि मे महिन्यात, रायपूरचा पारा ४४ वर असताना, दुपारी नऊ पटीतून पाहिले तर टार्गेट पाण्यात बुडवल्यासारखे हलते. मृगजळही नऊ पट होते. अशा वेळी जाणकार नेमबाज पट उतरवून चार-पाचवर आणतो.

मला विचारणाऱ्या तरुणांना मी शेवटी हे सांगतो. झाडीत फिरणाऱ्या सेक्शनमध्ये बहुतेक जवानांसाठी कमी शक्तीचा, खऱ्या एक पटीपासून सुरू होणारा स्कोप. एका निवडक, शांत डोक्याच्या नेमबाजासाठी मध्यम शक्तीचा, मोठ्या काचेचा. आणि कमांडरच्या गळ्यात चांगली बायनॉक्युलर. ती घेता येत नसेल, तर आधी तिच्यासाठी पैसे उभे करा, स्कोप नंतर. बांधावरून चाललेला माणूस सुखरूप घरी पोहोचणे हे त्या बायनॉक्युलरवर जास्त अवलंबून आहे.

कॅडेट मित्रांनो, तुमच्या पॉइंट टू टू रायफलीवर स्कोप नाही, याचे वाईट वाटून घेऊ नका. पकड, श्वास आणि ट्रिगर आत्ता पक्के करा. स्कोप पुढे आठवड्याभरात शिकता येतो. मात्र एक गोष्ट तुम्ही याच महिन्यात करू शकता. उस्तादांची परवानगी घेऊन पहाटे मैदानावर जा. एका मित्राला १००, २०० आणि ३०० मीटरवर उभे करा. त्याच्या हातात आळीपाळीने हॉकी स्टिक, काठी आणि ड्रिलची डमी रायफल द्या. साध्या डोळ्यांनी पाहा, मग शाळेच्या बायनॉक्युलरने पाहा. प्रत्येक वेळी काय दिसले ते वहीत लिहा, आणि ‘नक्की सांगता येत नाही’ असाही एक रकाना ठेवा. दर दहा मिनिटांनी, उजेड वाढेल तसे पुन्हा करा. त्या शेवटच्या रकान्यात किती खुणा पडल्या, ते मला पुढच्या मेळाव्यात दाखवा. त्यानंतर चार एक्स की आठ एक्स, यावर आपण निवांत बोलू.