मासे साफ करायची सुरी घेताना माझी झालेली एक चूक



१ जूनपासून दोन महिने समुद्रातली मासेमारी बंद होते. त्या दिवसांत तळ्याच्या माशाला गिऱ्हाईक चालून येतं. म्हणून हे आत्ताच लिहितोय. आजचा विषय बियाण्याचा नाही, खताचा नाही, सुरीचा आहे. हसू नका. चुकीच्या सुरीपायी गेल्या वर्षी आमच्या घरात चार टाके पडलेत.

नवीन मंडळींसाठी थोडक्यात सांगतो. आमचं शेत घोडबंदर रोडला, ओवळ्याच्या मागच्या अंगाला. शेताच्या खालच्या खोलगट तुकड्यात पाणी साचून भात कुजायचं, तिथे आम्ही तळं खोदलं. त्यात तिलापिया, थोडे रोहू-कटला आणि जिताडा. जिताडा खादाड मासा. तिलापिया भराभर पिल्लं घालतो, ती पिल्लं खाऊन जिताडा वाढतो, आणि तळ्यात गर्दी होत नाही. रोहू-कटला मात्र वीतभर झाल्यावरच सोडायचे, नाहीतर तेही जिताड्याच्या पोटात जातात. हे सगळं मागे लिहिलंय, परत लिहीत नाही.

रविवारी सकाळी आम्ही शेताच्या तोंडाशी टेबल लावतो. गिऱ्हाईक सगळं आजूबाजूच्या टॉवरमधलं. पूर्वी लोक अख्खा मासा न्यायचे किंवा तुकड्या करून मागायचे. आता "बोनलेस द्या" हे पहिलं वाक्य. लहान पोरं, म्हातारी माणसं, काट्याला घाबरतात. त्यांचं चुकत नाही. पण एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, गिऱ्हाइकालाही सांगत जा. रोहू-कटल्याचं बोनलेस होत नाही. त्यांच्या मांसाच्या आत बारीक फाटे फुटलेले काटे असतात, मधला कणा काढला तरी ते आतच राहतात. तिलापिया आणि जिताडा यांचं मांस कण्यावरून आणि बरगड्यांवरून सोलून घेतलं की साफ निघतं. म्हणजे फिले करायचे ते या दोघांचेच.

मासे साफ करायचं काम मालकिणीचं. ती विळीवर बसते. आमची आई त्या विळीला मोरळी म्हणायची, मालवणाकडे आडाळी म्हणतात. विळीची गंमत बघा. पातं पायाखाली पक्कं, धार जागेवर स्थिर, आणि दोन्ही हात मासा धरायला मोकळे. हलतो तो मासा. त्यामुळे गेली तीस वर्षं तिनं बोंबील, बोय, शिंगाळी, चिंबोऱ्या सगळं साफ केलं आणि हाताला कधी मोठं लागलं नाही. पण विळीवर फिले नीट निघत नाही. विळीचं पातं जाड, ताठ आणि वाकडं. कण्याला चिकटून सरकायला पातं लवावं लागतं. विळीनं केलं तर कण्यावर निम्मं मांस राहतं.

मग आमच्या मुलानं मोबाईलवरून सुरी मागवली. ३९९ रुपये. चकाचक, वर जाळीदार नक्षी छापलेली, लाकडी मूठ, सोबत म्यान. फोटो बघून मीच म्हटलं, हीच घे. मालकीण म्हणाली, "मना नको ती. माजी विळीच बरी." मी ऐकलं नाही. वर दोन शब्द ऐकवले की जमाना बदलला, आपण पण बदलायला पाहिजे.

गटारीच्या आधीचा रविवार होता. पाऊस, गर्दी, टेबल ओलं. पहिले आठ-दहा तिलापिया बरे निघाले. नंतर सुरी घसरायला लागली. धार बसली होती, म्हणून ती जास्त जोर लावत होती. त्यात दोन किलोचा जिताडा आला. ज्यांनी हाताळलाय त्यांना माहीत आहे, त्याच्या गालफडाची कड ब्लेडसारखी असते आणि पाठीवरचे काटे सुईसारखे. सुरी कण्यावर अडकली, तिनं रेटली, पातं वाकलं ते तसंच वाकडं राहिलं, मूठ चिकट हातात फिरली आणि टोक डाव्या अंगठ्याच्या बुडाशी गेलं.

रविवार असूनही रस्ता भरलेला. दवाखान्यात पोचायला पाऊण तास लागला. ती गाडीत गप्प बसली होती, टॉवेल लाल होत होता. एकदाच बोलली, "मासा बर्फात घातला का कोणी?" चार टाके आणि धनुर्वाताचं इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, अंगठा हलवायची शीर थोडक्यात वाचली. ती शीर गेली असती तर लावणीला, खुरपणीला, भाकरी थापायला तो हात तसा राहिला नसता. नंतर श्रावण लागला, मासे खाणारे कमी झाले, म्हणून तिला विश्रांती तरी मिळाली. त्या महिन्यात मी मात्र या एकाच विषयाच्या मागे लागलो. सुरी मी पसंत केली होती ना.

पहिल्यांदा गेलो लोहाराकडे. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडी आपल्याला माहीतच आहेत, आमचे विळे-कोयते त्यांच्याकडचेच. ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा दिला आणि म्हटलं, पातळ लांब सुरी करून दे. तो प्रामाणिक निघाला. म्हणाला, "कोयता मागा, चांगला देतो. इतकं पातळ पातं पाणी देताना वाकडं होतं, माझ्याच्यानं सरळ राहणार नाही." तरी त्यानं एक करून दिली, थोडी जाड. धार अशी की हातावरचे केस निघतात. पण लवत नाही, आणि एका रात्रीत गंजली. कमानपाट्यात कार्बन साधारण ०.६ टक्के असतो, म्हणून तो कडक होतो आणि धार धरतो. गंज रोखणारं क्रोमियम मात्र त्यात नावापुरतंच. मासा, मीठ, बर्फाचं पाणी, वर आपली खाडीची हवा, मग गंजणारच. ती सुरी मी ठेवली आहे. जिताड्याचं डोकं तोडायला तिच्यासारखी दुसरी नाही.

मग चुलत भावाकडे गेलो. त्यानं वागळे इस्टेटला टूलरूममध्ये आयुष्य काढलं. त्यानं ती ३९९ ची सुरी हातात घेतली आणि फ्रीजवरचं लोहचुंबक लावलं. चिकटलं नाही. म्हणाला, हे भांड्यांचं स्टील. डबे, ताटं करायचं. त्यात कार्बन इतका कमी की तापवून पाणी दिलं तरी ते कडक होत नाही. गंजत नाही, पण धारही धरत नाही, आणि वाकलं की वाकलं. सुरीचं स्टेनलेस वेगळं असतं, त्यात कार्बन अर्धा टक्क्याच्या आसपास असतो आणि त्याला चुंबक चिकटतं. चिकटलं म्हणजे चांगलंच असंही नाही, कारण चिकटणारं नरम स्टीलही मिळतं. पण ज्याला चिकटत नाही ती सुरी सरळ खाली ठेवायची.

त्यानं एक जुनी गोष्ट सांगितली. १९१३ साली इंग्लंडात शेफिल्डला हॅरी ब्रेअर्ली नावाचा माणूस बंदुकीच्या नळीसाठी पोलाद शोधत होता आणि त्याच्या हाती न गंजणारं पोलाद लागलं. तिथले सुरीवाले कारागीर सुरुवातीला त्याला हसायचे की यानं न कापणारी सुरी शोधून काढली. त्या स्टीलला नीट पाणी कसं द्यायचं हे कळल्यावर हसणं थांबलं. मला वाटलं, आमच्या घरात तर शंभर वर्षांनंतरही न कापणारी सुरीच आली.

शेवटी मुंबईत क्रॉफर्ड मार्केटजवळच्या एका दुकानातून सुरी आणली. अडीच हजाराला. मालकिणीला सोबत नेलं, हे या वेळी शहाणपण केलं. सुरी वापरणाराच्या मुठीत बसली पाहिजे, पैसे देणाराच्या नव्हे. तिनं चार सुऱ्या हातात धरून बघितल्या. दुकानदाराकडून पाणी मागून हात ओला केला आणि परत धरून बघितल्या. त्यात गुळगुळीत मुठीच्या दोन बाद झाल्या.

काय बघायचं ते सांगतो. पात्याचं टोक लाकडी फळीवर टेकवून हलकं दाबायचं. इंचभर लवलं पाहिजे आणि सोडल्यावर पूर्ण सरळ झालं पाहिजे. तिलापियाला सहा इंची पातं पुरतं, दोन-तीन किलोच्या जिताड्याला आठ इंची लागतं. एकच घ्यायची असेल तर मधली, सात इंचाच्या जवळपास. मूठ खरबरीत, पात्याभोवती ओतून केलेली, मधे फट नसलेली. लाकडी मूठ दिसायला छान, पण आमच्यासारखं दिवसभर ओलं काम असेल तर ती फुगते, रिबिट ढिली होते आणि फटीत माशाची घाण बसून वास मारतो. पात्याच्या बुडाशी बोट पुढे घसरू नये म्हणून उंचवटा असलाच पाहिजे. आमच्या जुन्या सुरीला तो नव्हता. पात्यावर कधी कधी स्टीलचं नाव कोरलेलं असतं. जर्मन पद्धतीत "एक्स ५० सीआर एमओ व्ही १५" असं लिहितात. त्यातला ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे १५ टक्के क्रोमियम. फक्त "स्टेनलेस स्टील" एवढंच लिहिलं असेल तर त्यावरून काही कळत नाही. आणि जाळीदार नक्षीला भुलू नका, ती बहुतेक वेळा वरून छापलेली असते.

अडीच हजार म्हणजे खताच्या गोण्या डोळ्यांपुढे येतात, मलाही आल्या. म्हणून मी काट्यावर मोजून बघितलं. तिलापियाचं फिले अख्ख्या माशाच्या साधारण तिसरा हिस्सा निघतं. जुन्या सुरीनं किलोमागे २७० ग्रॅम निघत होतं, नव्यानं ३३०. रविवारी वीस किलो मासा कापला तर सव्वा किलोच्या आसपास फिले जास्त. आमच्याकडे ते ६०० रुपयांनी जातं. चार रविवारांत सुरी फिटली. उरलेले काटे, आतडी, गूळ घालून पिंपात मुरवतो आणि ते पाणी भेंडीला फवारतो, त्यावर वेगळं लिहीन.

सुरी बदलली तशी कामाची पद्धतही बदलली. फळीखाली ओलं गोणपाट घालतो, फळी हलत नाही. डाव्या हातात न कापला जाणारा हातमोजा. पहिले दोन रविवार मालकिणीनं तो काढून फेकला, आता घालते. सुरीनं हाड तोडायचं नाही, खवले काढायचे नाहीत. डोकं कोयत्यानं, पोट विळीवर, सुरी फक्त सोलायला. आपण शेतकरी हे जाणतोच. भात कापायला कोकण कृषी विद्यापीठाचा दातेरी वैभव विळा वापरतो, त्यानं कोणी फांद्या तोडत नाही. घरात मात्र एकाच सुरीनं नारळापासून माशापर्यंत सगळं चालतं.

धारेचं सांगतो. सायकलवाल्या धारवाल्याच्या चाकावर ही सुरी देऊ नका. चाकावर पातं तापतं, धारेची कड निळी पडली की तिचं पाणी उतरलं, मग ती सुरी भांड्याच्या स्टीलसारखीच. दोन बाजूंचा दगड घ्या, भिजवा, आणि पातं थोडंच तिरकं धरून हलक्या हातानं ओढा. महिन्यातून दोनदा पुरतं. काम झालं की गोड्या पाण्यानं धुवायची, लगेच पुसायची. बर्फाच्या टोपात रात्रभर ठेवली तर चांगल्या स्टीलवरही ठिपके येतात. मीठ कोणालाच सोडत नाही. आठवड्यातून एकदा खोबरेल तेलाचा हात.

मालकिणीच्या अंगठ्यावर पांढरी रेघ राहिली आहे. थंडीत थोडा ठणकतो म्हणते. सुरी आता तिच्या ताब्यात, म्यानात घालून, जुन्या पोलक्याच्या फडक्यात गुंडाळून मांडणीवर सगळ्यात वर. परवा कैरी चिरायला मागितली तर नाही दिली. म्हणाली, "ती ३९९ ची हाय ना तुमची, ती घ्या."